स्वतःचा खडू

"शिक्षक निवडताना पदवी नव्हे, चारित्र्य पाहावं!" असं मी, शाळेचा अध्यक्ष, टेबलावर मूठ आपटून बजावलं. मुठीखाली सचिवांच्या भाच्याचं नेमणूकपत्र होतं, सकाळीच सही केलेलं.

मुलाखतीला आलेल्या बाईंनी पर्समधून स्वतःचा खडू काढला, आमच्याकडे नव्हता. अपूर्णांकांचा भागाकार त्यांनी फळ्यावर भाकरीचे तुकडे काढून शिकवला. सत्तरीत मला तो पहिल्यांदा कळला. मी हरखून खडू मागितला आणि एक गणित सोडवलंही.

"छान! कळवतो आम्ही," मी म्हणालो.

"नको, सर. ते पत्र मी बसतानाच वाचलं. मुलांच्या वह्या समोरून तपासून उलटं वाचायची सवय झालीय."

माझी मान खाली गेली. "तरी शिकवलंत?"

"तुम्हाला येत नव्हतं ना," त्या म्हणाल्या. "दुपारी दुसरीकडे मुलाखत आहे. तो खडू तेवढा द्या."