जांभळाचं आळं

तुळजाबाईंनी आधी कॅन ओळखला, मग माणूस. संडास धुवायचं ॲसिड होतं ते. धायरीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं अशा भर दुपारी त्यांचा पुतण्या विश्वजीत ते जांभळाच्या आळ्यात ओतत होता. माती फसफसत होती.

तुळजाबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या होत्या. वैशाखात रोज एक कळशी, दिवसाआड येणाऱ्या नळाच्या पाण्यातून बाजूला काढलेली. बुंध्याजवळ पुरलेल्या मडक्यात ती ओतायची, म्हणजे मडक्याच्या भोकातल्या चिंधीतून मुळांना दिवसभर ओल मिळे. पश्चिमेच्या उन्हाला गोणपाट बांधलेलं, आळ्यात वाळल्या गवताचा थर. पहिला उन्हाळा काढला की झाड जगलं. आणि हे झाड त्यांना जगवायचंच होतं.

मागच्या ज्येष्ठात आप्पासाहेब गेले, तेव्हा नवऱ्याची राख त्यांनी नदीत सोडू दिली नाही. आप्पासाहेब तसं सांगूनच गेले होते. उरलेल्या रानाच्या बांधावर खड्डा काढला, भावकीच्या देखत राख त्यात ठेवली आणि वर हे रोप लावलं. पोटी मूल नव्हतं, म्हणून अग्नी विश्वजीतने दिला. राखही त्यानेच ओंजळीने खड्ड्यात ठेवली होती.

आता जांभूळ त्याच्या प्लॉटिंगच्या रस्त्यात येत होतं. कुऱ्हाड लावावी, तर भावकी तोंडात शेण घालणार. उन्हाळ्यात आपोआप वाळलं, तर कुणाचंच नाव नाही. पंधरा दिवस पानं कडेने करपत होती, आणि पाणी कमी पडतंय या समजुतीने ही बाई आपल्या पिण्यातला तांब्या झाडाला घालत होती.

"काय करतुयास?"

विश्वजीत दचकला, पण लाजला नाही. "वाळवी लागलीया, काकू. औषध टाकतुय."

"वास कळतुय मला."

"मग कळू दे की." त्याने कॅन पुन्हा वाकडा केला. "झाडच हाय. आप्पा काय बसल्यात व्हय हितं?"

तुळजाबाईंनी कळशी खाली ठेवली. रोपाच्या आधाराला रोवलेला बांबू उपटला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा तोंडावर. सत्तर वर्षांच्या हातात एवढा जोर कुठून आला, हे त्यांनाही कळलं नाही. थांबावंसं मात्र वाटलं नाही. विश्वजीत मागे कोलमडला आणि त्याच्या दुसऱ्या हातातला कॅन त्याच्याच उघड्या पायांवर उलटला.

तो गुरासारखा ओरडला. पाय झाडत बसल्या जागी मागे सरकू लागला. चपलेच्या पट्ट्याखालची कातडी पांढरी पडत चालली होती.

तुळजाबाई आळ्यापाशी बसल्या. दोन्ही हातांनी भिजलेली माती उकरून बांधाखाली फेकू लागल्या. बोटं भाजत होती, पण हात थांबले नाहीत. उकरता उकरता एक पांढरट ढेकूळ हाती आलं. ते त्यांनी फेकलं नाही. पदराने पुसून परत मुळाशी ठेवलं.

"काकू, पाणी," विश्वजीत रडत होता. "पायावर पाणी वता. पाया पडतो."

धड हाताने त्याने कळशीचा काठ पकडला. तुळजाबाईंनी बाजूला पडलेला बांबू उचलून त्या हातावर मारला. हात सुटला. जवळपास दुसरं पाणी नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

त्यांनी भाजल्या हातांनी कळशी उचलली आणि बुंध्याशी वाकडी केली. धार सावकाश धरली, रोज धरत तशी.

"आधी तुझ्या चुलत्यास्नी," त्या म्हणाल्या. "तूच ठिवलंस न्हवं त्यास्नी हितं."