स्वारीची बॅग

“फोडा ते झाकण, काका! विमानाचं गेट बंद व्हायला पंचवीस मिनिटं राहिलीत,” भाचा म्हणाला.

विमानतळाच्या प्रस्थानकक्षात, तपासणीच्या रांगेपासून थोड्या अंतरावर, बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे छोटेखानी दुकान होते. त्याच्या फळीवर आज जी वस्तू आडवी पडली होती, तिचे दर्शन त्याला आजवर केवळ दुरूनच घडले होते. वर बसावे, पुढची मूठ धरावी आणि विजेच्या बळावर निघावे, अशी ती बॅग. तपासणीच्या मेजावरून ती नुकतीच परत आली होती. बॅटरी बाहेर काढून दाखवा, नाहीतर बॅग इथेच ठेवा, असा तिथला नियम. आणि बॅटरीच्या कप्प्याचे झाकण तर काही केल्या उघडत नव्हते.

बॅगेची मालकीण म्हणजे भाच्याची मावशी. सत्तरी गाठलेली, डावा पाय लहानपणीच्या आजारात बारीक राहिलेला. ती स्टुलावर ताठ बसून होती. धाकट्या बहिणीकडे ती आयुष्यात प्रथमच एकटी निघाली होती.

“नाही उघडलं तर राहू दे गं,” भाचा म्हणाला. “बॅग मी घरी नेतो. चाकांची खुर्ची मागवू. ढकलायला माणूसही देतात.”

“त्या खुर्चीत बसलं की माझ्याशी कुणी बोलतच नाही रे. माझ्या डोक्यावरून, मागे ढकलणाऱ्याला विचारतात, यांना पाणी हवंय का?” मग ती कारागिराकडे वळली. “तुमच्यानं होईल ना हो? होणार नसेल तर तसं सांगा. मनाची तयारी करते.”

कारागिराने चष्मा पुसला. मग त्याने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवले. फट अशी नव्हतीच.

“हातोडी नाही का तुमच्याकडे?” भाच्याचा जीव टांगणीला लागला होता.

“आहे की. पण फोडायचंच असेल तर मी कशाला हवा? ते तुम्हालाही जमेल.”

वस्तू उघडण्यापूर्वी तिच्या कर्त्याच्या मनात शिरावे, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. त्याने बॅग हलकेच पालथी केली. मागच्या चाकाच्या पोटातच मोटर बसवलेली; तारेचा एक धागाही बाहेर डोकावत नव्हता. सामानाची जागा तसूभरही न अडवता एवढे बळ त्या वीतभर चाकात सामावले होते. ते पाहता पाहता त्याचा हात थबकला. ज्याने इतके कष्ट सोसून, इतक्या निगुतीने हे घडवले, त्याला झाकण कधीतरी अडेल हे सुचले नसेल? सुचले असणारच. मग त्याने सोयही ठेवली असणार.

डोळ्यांनी न शोधता तो बोटांनी शोधू लागला. मुठीच्या खाचेत, मसुरीच्या दाण्याएवढे एक रबरी बूच त्याच्या नखाला लागले. ते उचकटताच आत सरळ, अरुंद भोक दिसले. चामड्याच्या मुठी शिवायची लांब सुई त्याने उलटी धरली, बोथट टोक आत सारले आणि श्वास रोखून दाबले.

टक्. झाकण आपसूक वर आले.

आत बॅटरी होती. पण ती जांभळ्या मखमलीच्या गवसणीत गुंडाळलेली. गवसणीची काठपट्टी खिट्टीत अडकून बसली होती.

“मावशी!” भाच्याने कपाळावर हात मारला. “रिमोटला कव्हर, मिक्सरला कव्हर, चष्म्याच्या डबीला कव्हर. आता बॅटरीलाही?”

“विमानात गारठा असतो, असं तूच म्हणालास ना? ती गारठून अर्ध्या वाटेत बसली असती तर? आणि तारा जोडायच्या तिथं मोकळी जागा सोडली आहे हो मी.”

कारागीर त्या दिवशी प्रथमच हसला. खिट्टीतली काठपट्टी त्याने एकही टाका न उसवता सोडवली आणि गवसणी उजेडात धरली.

“हातचे टाके?”

“हातचेच.”

“नजर ठरत नाही,” तो म्हणाला आणि गवसणीची घडी तिच्या हाती ठेवली. “पण बॅटरीला उकडतं यात, बाई. जरा अंगाला वारा लागू द्या.”

बॅटरी त्याने दोनदा बसवून, दोनदा काढून पाहिली. लोण्यातून सुरी जावी तशी ती सरकत होती. शेवटची बसवण्याआधी त्याने रिकाम्या कप्प्यात निरखून पाहिले. जिथे कुणाची दृष्टी कधी पोहोचणार नाही, त्या कडाही घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. त्याची मान किंचित लवली.

“ज्यानं ही केली ना,” तो हळूच म्हणाला, “त्याला ठाऊक होतं, कुठल्या तरी दुकानात माझ्यासारखा एक जण अडून बसेल. त्याच्यासाठी वाट ठेवून गेला बिचारा.”

मावशी बॅगेवर बसली. डावा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून पायटेकणीवर ठेवला, पदर खोचला, मूठ पिळली. ना धक्का, ना आवाज. पाण्यावरून नाव सरकावी तशी स्वारी निघाली. गर्दी आपसूक दुभंगत गेली.

तिची काठी मात्र दुकानाच्या फळीला टेकलेलीच राहिली होती. ती उचलून भाचा मागे धावला. “मावशी, अगं हळू! मावशी!”

रांगेच्या तोंडाशी बॅग थांबली. मावशीने मागे वळून पाहिले. काठी हातात घेऊन धापा टाकत येणारा भाचा अजून निम्म्या वाटेवरच होता.

“सावकाश ये रे,” ती म्हणाली. “मी थांबते.”