एकशे आठ किलो

‘आहे तशी मी छान’ या विषयावरच्या पहिल्या भाषणात स्वतःचं वजन सांगताना तिची बोबडी वळली होती. आज मात्र माइक हातात येताच तिने ठणकावून सांगितलं, "माझं वजन एकशे आठ किलो, आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेतली दहाएक वर्षांची गुटगुटीत मुलगी तर खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटत होती.

भाषण संपल्यावर त्या मुलीची आई तिला घेऊन स्टेजपाशी आली. वक्त्री कौतुकाने खाली वाकली. "बोल गं, काय आवडलं तुला?"

मुलीच्या आधी आईच बोलली. "मॅडम, तो आकडा हिला जरा जवळून ऐकवा ना. आमचं ऐकतच नाही. तुम्हाला बघून तरी दोन घास कमी खाईल."