पूर्वेकडची बाविसावी ओळ

लेकाचं, डेल्विनचं वागणं ऑर्लीनला मुळीच पटलं नव्हतं. मध्यंतराला, परत आत येता यावं म्हणून हातावर शिक्का मारून घेऊन बाहेर गेला, तो परत आलाच नाही. तो एकटाच नव्हे, ओळीतली टिपेट घराण्याची अकराच्या अकरा माणसं. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचा तिसरा क्वार्टर सुरू होऊन चार मिनिटं झाली होती. त्यांच्या गावचं कॉलेज, कॉल्टर स्टेट, एकतीस-तीनने मागे होतं. बाविसाव्या ओळीत अ‍ॅल्युमिनियमचं लांबलचक बाकडं उरलं होतं, आणि त्याच्या टोकाला ऑर्लीन.

आणि तेही आज! मोठ्या लीगने टीव्हीचे पैसे दाखवले आणि जुन्या लीगमधली आठ कॉलेजं एका उन्हाळ्यात उठून गेली. मागे राहिली दोन, त्यातलं एक कॉल्टर. समोरच्या काचेच्या खोलीत आज नव्या लीगची माणसं बसली होती, कॉल्टरला आपल्यात घ्यायचं की नाही ते ठरवायला. त्यांनी नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी शनिवारी या मैदानावर खेळायला कोण येणार होतं? गावातल्या गायी?

ऑर्लीनने जांभळं ब्लँकेट बाकड्यावर पसरलं, कठडा धरला, एकेक पायरी उतरली आणि गेटवर हातावर शिक्का मारून घेऊन बाहेर पडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, खुबा नवा बसवलेला. आठवीनंतर तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. कॉलेजात ती गेली होती ती या स्टेडियमपुरतीच, पण एकही शनिवार तिने चुकवला नव्हता.

डेल्विनचा ट्रक पार्किंगच्या तिसऱ्या रांगेत होता. मागची फळी उघडलेली, शेगडीवर सॉसेज, फळीवर टीव्ही. भोवती घडीच्या खुर्च्या टाकून सगळे जांभळ्या शर्टांत ऐसपैस बसलेले.

"आई! ये, ये. इथे सावली आहे बघ," डेल्विन म्हणाला. पोटावर कागदी बशी होती, म्हणून उठला नाही.

"मला बसायला जागा आहे. आत."

"अगं, एकतीस-तीन आहे! आणि इथे सगळं जवळून दिसतं."

तेवढ्यात भिंतीपलीकडून हजारो माणसांचा एकदम 'अरेरे' ऐकू आला. सगळ्यांनी माना टीव्हीकडे वळवल्या. पाच-सहा सेकंदांनी टीव्हीतल्या कॉल्टरच्या पोराच्या हातून चेंडू निसटला.

"खेळसुद्धा शिळाच खाताय," ऑर्लीन म्हणाली.

कॅमेरा मागे सरकला आणि पूर्वेकडचा अख्खा स्टँड दिसू लागला. कडेकडेने माणसं, आणि मधोमध एक मोठा उघडा पट्टा उन्हात चकाकत होता. टीव्हीवरचा समालोचक म्हणाला, कॉल्टरचे पाठीराखे आज लवकर घरी गेलेले दिसतात.

डेल्विनने मान हलवली. "बघा! कोण घेणार आपल्याला? पब्लिकच येत नाही. या गावाला कशाचं काही राहिलंच नाही."

ऑर्लीन फळीपाशी गेली. टीव्ही बंद करते की काय म्हणून दोघं-तिघं ओरडली. तिने पडद्यावर बोट टेकवलं.

"हा जांभळा ठिपका दिसतोय?"

"हं."

"ते माझं ब्लँकेट. आता सांग, त्याच्या शेजारचं रिकामं बाकडं कुणाचं?"

सून मार्लिसला आधी हसू फुटलं. मग तिने बशी खाली ठेवली.

"ती आठ कॉलेजं निदान पैशासाठी सोडून गेली, डेल्विन," ऑर्लीन म्हणाली, पुढच्या तीन ट्रकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "तू सॉसेजसाठी."

उत्तराला ती थांबली नाही. गेटवरच्या बाईला हातावरचा शिक्का दाखवला, पायऱ्या चढली. कोण मागून येतंय ते वळून बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. ओळीत पोचल्यावर ती बसली नाही. उभी राहून टाळ्या वाजवू लागली. एकटीच.

पाहुण्यांनी आणखी एक टचडाउन मारला. अडतीस-तीन.

मग पायाखालचं लोखंड घुमायला लागलं. पहिली आली मार्लिस, बोटाला मोहरीची चटणी तशीच. तिच्यामागे बाकीचे टिपेट. मग चोविसाव्या ओळीतला हर्शेल, त्याची तिघं भावंडं, मग ऑर्लीनने कधी न पाहिलेली माणसं. तिचं बोलणं एका ट्रकवरून दुसऱ्या ट्रकवर गेलं होतं आणि जाताना आणखी तिखट होत गेलं होतं. ओळीमागून ओळ भरली. चकाकणारा पट्टा जांभळ्याने झाकून गेला.

"अडवा! अडवा! अडवा!"

पाहुण्यांच्या खेळाडूंना आपल्याच कप्तानाचा आवाज ऐकू येईना. त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले, पुन्हा ओरडला. त्यांचा एक धिप्पाड गडी चेंडू खेळात येण्याआधीच हलला. शिट्टी वाजली आणि पंचाने त्यांना पाच यार्ड मागे पाठवलं.

पस्तीस गुणांनी हरणाऱ्या संघाला पाच यार्डांचा तो काय फायदा! पण स्टँड असा गरजला की कॉल्टरचा चौसष्ट नंबरचा पोरगा वळला आणि त्याने स्टँडकडे बघून दोन्ही हात उंच केले.

डेल्विन सगळ्यांत शेवटी आला, धापा टाकत. आईशेजारी कसाबसा शिरला आणि ओरडायला लागला. दोन डावांत त्याचा घसा बसला. मग त्याने समोर काचेच्या खोलीकडे बघितलं. आतली माणसं खुर्च्या सोडून काचेपाशी उभी होती.

"घेतील का गं आपल्याला?" त्याने विचारलं.

ऑर्लीनच्या टाळ्या थांबल्या नाहीत.

"घेवोत नाहीतर न घेवोत. आता नाही घेतलं तर चूक त्यांची, डेल्विन. मघापर्यंत ती तुझी होती."