पाचव्या महिन्यातला रिपोर्ट

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दीपमालाच्या बाळाच्या नाळेत तीनऐवजी दोनच रक्तवाहिन्या दिसल्या, म्हणून डॉक्टरांनी गुणसूत्रांच्या तपासणीसाठी तिचं रक्त घेतलं. रिपोर्ट आणायला तिचा नवरा शिवम गेला. बजाजनगरच्या घरी परत येऊन म्हणाला, "सगळं नॉर्मल हाय." त्या दिवशी तिनं शिरा केला.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाळाला तपासून म्हणाल्या, "डाऊन सिंड्रोमची लक्षणं आहेत. तुमच्या मनाची तयारी असेलच. रिपोर्टमध्ये तशी दाट शक्यता आली होती, तेव्हा तुमच्या मिस्टरांना मी सगळं समजावून सांगितलं होतं."

डॉक्टर गेल्यावर तिनं शिवमकडं पाहिलं. तो खाली मान घालून म्हणाला, "तू मूल नको म्हणशील, याची लई भीती वाटली."

"मी हिला ठेवलंच असतं," ती म्हणाली. "पण चार महिने आपण दोघं खुशीत आहोत, असंच मला वाटत होतं."

तेवढ्यात नर्स बाळाच्या हृदयतपासणीचा फॉर्म घेऊन आली आणि सवयीनं तिनं तो शिवमपुढं धरला.

दीपमालानं मुलीला एका हातावर घेतलं आणि दुसरा हात पुढं केला. "माझ्याकडं द्या. वाचून सही मी करते."