डबीसमोर बोलायचं नाही

"या घराच्या भिंतींना कान नाहीत, आणि मी जिवंत असेपर्यंत ते फुटू देणार नाही!" अशी घोषणा करून कुलूपवाल्यांनी नवी बोलकी डबी रद्दीच्या गठ्ठ्यामागे ढकलली. मग त्यांनी टेबल चाचपलं, सदऱ्याचा खिसा चाचपला आणि शेवटी गठ्ठ्याकडे तोंड करून हळूच विचारलं, "काय गं, माझा चष्मा कुठंय?"

"माफ करा, मला ते माहीत नाही," डबी म्हणाली.

"कपाळावर आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. बघायलाही आली नाही.

डबी मुलाने आणली होती. निमित्त झालं होतं एका जळून कोळसा झालेल्या पातेल्याचं. "माझंच लक्ष नव्हतं," असं बायकोने लगेच सांगून टाकलं, आणि आईचं आता काही खरं नाही, असं मुलाने ठरवून टाकलं. डबी वार सांगे, गॅसची आठवण करी, हाक मारली की दिवा लावी. तिला जे जे विचारलं जाई, ते सगळं मुलाच्या मोबाइलमध्ये जाऊन पडे. म्हणजे बिनपगारी मोलकरीण, आणि चहाड्या फुकट.

"काळजीपोटी केलंय, बाबा," मुलगा म्हणाला होता.

"तुरुंगातले पहारेकरीही काळजीपोटीच फेऱ्या मारतात," कुलूपवाले म्हणाले होते.

सगळी गल्ली त्यांना कुलूपवाले म्हणे. जन्मभर त्यांनी लोकांची दारं आणि कपाटं उघडली, आणि आत काय दिसलं ते पोटात ठेवलं. म्हणूनच बायकोचं वागणं त्यांना सोसेना. ती डबीला काहीही विचारी, तेही चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. ते कचऱ्याची बादली घेऊन दारात उभे राहिले, की आतून हिची हाळी, "पोरी, आज वार कोणता?"

"बुधवार."

बुधवारी कचरेवाला येत नाही. कुलूपवाले बादली खाली ठेवत.

दुरुस्तीला आलेली कुलपं कुणाची, हेसुद्धा ती डबीच्या कानावर घालून ठेवी. आणि कुलूपवाले एखादं कुलूप हातात घेऊन बसले रे बसले, की विचारी, "हे कुणाचं गं, पितळी?"

"वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं."

घासायचं यांनी आणि चौकशा हिला!

"अगं, सकाळपासून कितीदा वार विचारशील?"

"विसरले हो."

"विसर ना, पण मनातल्या मनात विसर. ती सटवी पोराला सांगते."

"सांगू दे. तिला तरी दुसरं काय काम आहे?"

त्यांनी डबीवर टोपी घातली. एकदा तर तिला पिठाच्या डब्यात कोंडली. बायकोने दरवेळी ती बाहेर काढून, पुसून, पुन्हा जागेवर ठेवली.

एका रविवारी मुलगा आपल्या लेकीला घेऊन आला. पोर धावत येऊन कुलूपवाल्यांना बिलगली. "आली का माझी..." ते म्हणाले. नाव अगदी जिभेवर होतं, तेवढ्यात बायको मध्येच बोलली, "काय रे, हिचं नाव काय ठेवलंय तुम्ही?"

मुलाने नाव सांगितलं, पण खाली मान घालून. कुलूपवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नातीला लगेच नावाने हाक मारली, पुन्हा एकदा मारली. घरात निदान एकाची तरी बुद्धी शाबूत आहे, हे दिसायला हवं होतं.

मग डॉक्टर झाले. "आजी, आज वार कोणता?"

"का? तुमच्याकडे कॅलेंडर नाही?" बायको म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत.

मुलाने वस्तीबाहेरच्या एका संस्थेत जागा बघितली. आठवण गेलेली माणसं तिथे ठेवत. कुलूपवाल्यांना ती संस्था चांगली ठाऊक होती. तिथली कुलपं त्यांनीच बसवली होती, आतून कडी नसलेल्या दारांना. ती बसवून घरी आले त्या दिवशी ते जेवलेही नव्हते. "मला कधी असल्या खोलीत टाकलंस, तर मी सकाळ बघणार नाही," एवढं बायकोला सांगून भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"तिला नको नेऊस," ते आता मुलाला म्हणाले. "मी बघतो तिचं. मी धडधाकट आहे."

"तुम्ही एकटे कुठं कुठं पुरे पडणार, बाबा? तिला वार आठवत नाही, माणसं आठवत नाहीत. हे बघा." मुलाने मोबाइल पुढे धरला. एकाखाली एक, सगळे बायकोचे प्रश्न. कुलूपवाल्यांचा एकच होता, चष्म्याचा.

"केसाने गळा कापला हिने!" ते डबीकडे बोट दाखवून म्हणाले. मग बायकोकडे वळले. "तुला कानीकपाळी ओरडून सांगत होतो, हिच्यासमोर बोलायचं नाही."

"सांगत होतात खरं," बायको म्हणाली, आणि लुगडी बॅगेत भरू लागली.

गाडी आली. मुलगा बॅग घेऊन पुढे गेला. कुलूपवाले दार उघडं धरून उभे राहिले. जन्मात पहिल्यांदाच त्यांना एखादं दार लावायचं जिवावर आलं होतं. बायको चपला घालता घालता थांबली, मागे वळली आणि डबीपाशी जाऊन वाकली. जाता जाता शेवटचा वार विचारून घेतेय, त्यांना वाटलं.

"पोरी," ती पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "उद्यापासून मी नाही. हे मानी आहेत, तुला विचारायचे नाहीत. तू आपणहूनच सकाळी वार सांगत जा, गॅसची आठवण कर, नातीचं नाव मधूनमधून घेत जा. आणि एवढं फक्त आमच्या पोराला सांगू नकोस."