काकूंची शिफारस

सुताराची बायको गेल्याचं कळलं, त्या दिवशी पतसंस्थेनं भर दुपारी शटर ओढलं. साध्या सभासदाला एवढा मान कशाबद्दल, हे सुताराला कळेना. महिन्याभरानं तो तिचं खातं बंद करायला गेला.

"करते बंद," मॅनेजरबाई म्हणाल्या, "पण काकूंच्या जागी कोण? ज्यांच्याकडे कागद नाही, पगाराची पावती नाही, त्यांना कर्ज द्यायचं की नाही, हे काकू ठरवायच्या. अठरा वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत."

सुताराला हसू आलं. "ती? अहो, माणसांच्या बाबतीत अगदीच भोळी होती. अमका कसा, तमकी कशी, विचारून विचारून रोज जेवताना माझं डोकं खायची."

बाईंनी काकूंची वही पुढे केली.

'शिंपीण: तोंडाची फटकळ, पण दिलेली तारीख पाळते. द्या.'

'रंगारी: बढाया मारतो, कामाला वाघ आहे. द्या.'

'सायकलवाला: हत्यारं पुसून ठेवतो. द्या.'

पानंच्या पानं त्यानं चाळली. शब्द न शब्द त्याचा होता. शेवटचं 'द्या' तेवढं तिचं.

सुतारानं चष्मा पुसला. "कोण कोण अडलंय? आणा इकडे."

बाईंनी तीन अर्ज ठेवले. दोघांचं त्यानं बसल्या बसल्या सांगून टाकलं, "बिनधास्त द्या." तिसरा नव्या इस्त्रीवालीचा होता. तिच्याबद्दल त्याला घरी कुणी विचारलंच नव्हतं. तो अर्ज अजून तसाच आहे.